एकशे ब्याऐंशी जणांना उत्तम क्षमा

मी तापट माणूस आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढं वाचताना तुम्हाला वाटायचं की म्हातारपणी हळवा झालेला कुणी गृहस्थ काहीबाही सांगतोय. हळवा मी कधीच नव्हतो. सांगलीत विश्रामबागेत तीस वर्षं मी टायपिंगचं इन्स्टिट्यूट चालवलं. एका पानात तीन चुका झाल्या की पान फाडायला लावायचो आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात. मुलींच्या डोळ्यांत पाणी यायचं, मला त्याचं काही वाटायचं नाही. पुढं कॉम्प्युटर आले, मुलं यायची थांबली, आणि एका सकाळी माझी अकराच्या अकरा मशिनं भंगारवाल्याच्या टेम्पोत चढली. त्या दिवशी मी जेवलो नाही. यापुढं कुठल्या यंत्रानं आपल्याला मागं टाकून जायचं नाही, एवढं मात्र मनाशी पक्कं केलं.

म्हणून हातात स्मार्टफोन आला तेव्हा मी त्याचा असा पिच्छा पुरवला की विचारू नका. सेटिंगमधली एक एक ओळ उघडून बघितली, काय दाबलं की काय होतं ते वहीत लिहून काढलं. लोकांचं मला नवलच वाटायचं. एवढा महागाचा फोन घ्यायचा आणि करायचं काय, तर आलेला उचलायचा नि नातवंडांचे फोटो बघायचे. आमच्या जैन लोकांच्या देवळाला इकडं बस्ती म्हणतात. रविवारी सकाळी बस्तीतून परतताना दोघं-तिघं माझ्या व्हरांड्यात टेकायची, तिथंच हळूहळू माझी शिकवणी सुरू झाली. मेसेजात मधलंच अक्षर चुकलं की ही मंडळी शेवटापासून सगळं पुसत मागं यायची. अहो, खालची ती स्पेसची पट्टी दाबून धरा आणि बोट सरकवा, कर्सर हवा तिथं जाऊन उभा राहतो, असं मी दाखवलं तेव्हा एका निवृत्त हेडमास्तरांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू तो फोन मीच बनवलाय. ऐकू कमी येणाऱ्या एकांना फोन आला की लाइट लुकलुकेल असं लावून दिलं. कुलूप न उघडताही दुसऱ्याला दिसेल अशा जागी आपला रक्तगट आणि घरच्यांचा नंबर कसा भरायचा, ते तर मी जवळजवळ दमदाटी करूनच सगळ्यांना भरायला लावलं.

मागच्या गल्लीत एक मुसलमान टेलर होते, वयानं माझ्याएवढेच. सुईत दोरा ओवायला त्यांना नात शाळेतून येईपर्यंत थांबावं लागायचं. मी त्यांच्या फोनातलं भिंग उघडून दिलं, फोन दोन डब्यांवर आडवा टेकवला आणि त्याच्याखाली सुई धरा म्हटलं. पहिल्या झटक्याला दोरा गेला. हे इतके दिवस खिशातच होतं का, असं त्यांनी विचारलं आणि लगेच दुसरी सुई काढून तिच्यातही दोरा ओवला. त्या दिवशी मी दिवसभर घरात छाती काढून फिरत होतो.

बायकोला माझं हे कौतुक नव्हतं असं नाही, पण तिचं एक टुमणं कायम असायचं. लोकांना एवढं शिकवता, मग घरच्या माणसाला एक फोन लावायचा म्हटला की तुमचं बोट का वळत नाही? घरचं माणूस म्हणजे माझी बहीण, आक्का. ती विषय काढायची आणि मी उठून अंगणात जायचो.

आक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, फलटणला दिलेली. मला पहिल्यांदा शाळेत पोचवलं ते आईनं नाही, तिनं. मी रडून गोंधळ घातला म्हणून ती घरी गेलीच नाही, शाळा सुटेपर्यंत वर्गाबाहेरच्या पायरीवर बसून राहिली. लग्न होऊन गेल्यावरही आठवड्यातून एकदा तिचा फोन ठरलेला असायचा. काय जेवलास, कुणावर ओरडलास, एवढंच विचारायची आणि हसायची. माझ्या रागाला हसणारी जगात ती एकटीच होती.

आई माझ्याकडं असायची. शेवटचे आठ महिने ती अंथरुणाला खिळून होती आणि त्या आठ महिन्यांत आक्का दोनदाच येऊन गेली. दाजींचं डायलिसिस चालू होतं, आठवड्यातून दोन वेळा त्यांना साताऱ्याला न्यावं लागायचं. हे मला चांगलं ठाऊक होतं. पण पहाटे उठून आईची चादर बदलताना ठाऊक असलेलं सगळं डोक्यात राहतंच असं नाही. आई गेली ती दुपारी एकच्या सुमाराला. मी फलटणला फोन केला. आक्का म्हणाली, मी निघालेच, मी येईपर्यंत तिला नेऊ नका. मी म्हटलं, बघतो.

आमच्यात मयत घरात ताटकळत ठेवत नाहीत, आणि सूर्य मावळल्यावर अग्नी देत नाहीत. थंडीचे दिवस होते, सहाला अंधारून यायचं. विट्याच्या पुढं रस्त्यात उसाची ट्रॉली उलटल्यामुळं आक्काची गाडी अडकून पडली होती, तसा तिचा फोनही आला होता. बस्तीतली जाणती माणसं म्हणाली, अजून अर्धा तास थांबायला हरकत नाही. थांबायला हरकत नाही, असं ते म्हणाले होते. नको, उचला, असं म्हणणारा मी. हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. लोकांना मी धर्माचा नियम सांगत आलो.

ती थेट कृष्णेच्या काठी, स्मशानाच्या फाटकाशी आली तेव्हा अग्नी देऊन पंधरा मिनिटं झाली होती. गाडीतून उतरली, ज्वाळा बघितल्या, अग्नी कधी दिला ते एकाला विचारलं आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "पंधरा मिन्टं थांबला न्हाईस रं?"

एवढंच. ओरडली नाही, रडली नाही. आणि मी चाळीस-पन्नास माणसांच्या देखत तोंड सोडलं. राग आला की माझी शहरी भाषा गळून पडते. "जित्ती हुती तवा यायला सवड न्हवती, आणि आता तोंड बघायला आलीस व्हय?"

ती आल्या पावली त्याच गाडीत बसून परत गेली. घरी येऊन घोटभर पाणीसुद्धा घेतलं नाही. आठवड्याचा फोन बंद झाला. चार महिन्यांनी दाजी गेले तेव्हा मी फलटणला गेलो, पुरुषांत जाऊन बसलो आणि तसाच उठून आलो. ती आतल्या खोलीत होती. मधे एक पडदा होता, तो बाजूला करायला मला हात नव्हते का? होते. ताठा होता.

भाद्रपदात आमचं दहा दिवसांचं पर्व असतं आणि ते संपलं की एकमेकांची क्षमा मागायचा दिवस येतो. लहानपणी आम्ही घरोघर जायचो, हात जोडून "उत्तम क्षमा" म्हणायचं, समोरच्यानंही तेच म्हणायचं, झालं गेलं मिटलं. पुढं पोस्टकार्डं आली, मग फोन, आता मेसेज. दाजी गेले त्याच वर्षी मेसेजच्या ॲपमधली एक सोय माझ्या हाती लागली. नावांची एक यादी करून ठेवायची, मजकूर एकदाच लिहायचा आणि पाठवला की तो ज्याच्या त्याच्याकडं सुटा जातो. हा ग्रुप नव्हे. आणखी कुणाकुणाला गेलाय ते कुणालाच कळत नाही. मला तर आपल्या जुन्या कार्बन पेपरची आठवण झाली.

मजकूर मी दोन दिवस घोळवला. वर्षभरात मनाने, वाचेने, कायेने, कळत नकळत आपणा सर्वांचे व आपल्या परिवाराचे मन दुखावले असल्यास अंतःकरणपूर्वक उत्तम क्षमा. ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक नाही. यादीत एकशे ब्याऐंशी नावं भरली आणि त्यात पहिलं नाव आक्काचं घातलं. आता लपवण्यात अर्थ नाही, ती यादी मी तिच्यासाठीच केली होती. तिला एकटीला लिहायला माझी छाती होत नव्हती. बाकीचे एकशे एक्क्याऐंशी मी सोबतीला घेतले होते, लग्नात एकट्यानं जायला लाजणारा माणूस चार मित्र गोळा करून नेतो ना, तसे.

सकाळी सहाला मेसेज सोडला. दुपारपर्यंत उत्तरांची नुसती रीघ लागली. आक्काची मुलगी, माझी भाची, फलटणलाच बँकेत नोकरीला आहे आणि नवऱ्यासह आईजवळच राहते. तिचंही उत्तर आलं, जोडलेल्या हातांची दोन चित्रं. आक्काचं काही आलं नाही. संध्याकाळी तिचं नाव उघडून बघितलं तर माझ्या मेसेजपुढं एकच टिक. मेसेज पोचला की दोन टिका येतात, हे आता शाळकरी पोरालाही माहीत आहे. फोन बंद असेल म्हणून आठ दिवस वाट बघितली. एकच टिक. आणि तिच्या नावापुढं असायचा तो तिचा नि दाजींचा फोटोही गायब झालेला.

ही खूण मीच लोकांना शिकवत होतो. एक टिक आणि फोटो नाहीसा, म्हणजे समजून चाला की समोरच्यानं तुम्हाला ब्लॉक केलंय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सख्ख्या भावाला ब्लॉक? बायको म्हणाली, आवं, साधा फोन लावून बघा, असंल काहीतरी. मी म्हटलं, तिनं माझ्या तोंडावर दार लावलंय, आता मी कडी वाजवत बसू? फोन लावला नाही. मनातून खरं सांगायचं तर मला थोडं बरंही वाटलं होतं. मी मागितली, तिनं नाकारली, आता दोष तिचा.

दुसऱ्या वर्षी तोच मजकूर, तीच यादी, तीच एक टिक. तिसऱ्या वर्षीही तेच. तिचं नाव यादीतून काढून टाकावं असं दर वेळी मनात यायचं. काढलं मात्र नाही.

तिसऱ्या वर्षीच्या थंडीत भाचीचा फोन आला. आईला हार्ट अटॅक आलाय, साताऱ्याला दवाखान्यात आणलंय, शुद्धीवर आहे, बोलते आहे. मी काय विचारलं असेल? तब्येत नंतर विचारली. आधी विचारलं, तिनं मला बोलावलंय का? भाची म्हणाली, मामा, मी माझ्या मनानं कळवतेय. मी म्हटलं, बघतो.

बायकोनं तासाभरात माझी पिशवी भरून दाराशी ठेवली. मी तिला म्हटलं की ज्या माणसानं मला तीन वर्षं ब्लॉक करून ठेवलंय, त्याच्या उशाशी कुठल्या तोंडानं जाऊन बसू. सकाळी बघू. सकाळ झाली तेव्हा म्हटलं, जेवून निघू. सांगलीहून सातारा काही परदेश नव्हे, तीन तासांचा रस्ता. पिशवी दाराशीच होती. साडेबाराला फोन वाजला आणि भाचीचं रडणं ऐकू आलं. ते आता आक्काला फलटणला नेत होते.

एस.टी.त बसल्यावर मला पहिला हिशोब सुचला तो सूर्याचा. दीडला गाडी सुटली. तासगाव, विटा, दहिवडी. साडेसहाच्या आत काही पोचत नाही, आणि सूर्य तर सहालाच जाणार. ते चारपर्यंत घरी पोचणार, म्हणजे पाच-साडेपाचला उचलणार. मला त्यांना फोन करून थांबा म्हणता आलं असतं. जीभ उचलली नाही. कुठल्या तोंडानं म्हणू? दहिवडीच्या अलीकडं ऊन उतरायला लागलं तेव्हा मी खिडकीचा पडदा ओढून घेतला आणि शेजारचा माणूस बघत होता तरी रडलो.

फलटणला उतरून घरापाशी पोचलो तेव्हा पुरता अंधार झाला होता. बाहेर माणसं उभी होती. स्मशान कुठल्या बाजूला आहे, असं मी एकाला विचारलं. तो म्हणाला, आवं, आत जावा की, त्या आतच हाईत. आत गेलो तर आक्का जमिनीवर निजवलेली. भाची उठून माझ्याजवळ आली. तिचा आवाज बसला होता. म्हणाली, "आईनं दवाखान्यात तीनदा बजावलं होतं. मामा येईपर्यंत मला न्यायचं नाही. सूर्य मावळला तर मावळू दे."

बस्तीतल्या वडीलधाऱ्यांनी खूप समजावलं म्हणे, असं ठेवत नाहीत, बरं दिसत नाही. या पोरीनं ऐकलं नाही. सगळे माझ्यासाठी खोळंबले होते. मी आक्काच्या उशाशी बसलो. तोंड बघितलं. नीट, हवं तितका वेळ बघितलं. कानाशी वाकून "आक्का, चुकलो" म्हणालो, जे ऐकायला ती आज सकाळपर्यंत होती.

सकाळी सगळं आटोपून आलो. लांबच्या नातेवाइकांना कळवायचं राहिलं होतं, म्हणून भाचीनं आक्काचा फोन माझ्याकडं दिला. तुम्हाला यातलं कळतं मामा, म्हणाली. माझ्या डोक्यातला किडा मात्र गेला नव्हता. जिनं माझ्यासाठी सूर्य मावळू दिला तिनं मला ब्लॉक का करावं? मी आधी सेटिंगमध्ये जाऊन ब्लॉक केलेल्यांची यादी उघडली. ती रिकामी होती. मग फोनमधली नावं बघितली. भाची, जावई, दूधवाला, बस्ती, गॅसवाला. माझं नाव नव्हतं. माझा नंबर टाकून बघितला, तोही त्यात नव्हता.

भाचीला विचारलं. ती म्हणाली, बाबा गेले त्याच वर्षी आईचा जुना फोन पाण्याच्या टाकीत पडला, त्यातले नंबर सगळे गेले. नवा घेतला तेव्हा तिनं आईच्या डायरीतून बघून बघून एकेक नंबर त्यात भरला. माझा डायरीत नव्हता. भाचीनं विचारलं होतं, मामाचा सांग, तोही भरते. तर आक्का म्हणाली होती, त्याचा कशाला भरायचा, तो मला पाठ आहे. अजून एक गोष्ट भाचीनं केली होती. आईचा फोटो परक्या लोकांना दिसू नये म्हणून, ज्यांचे नंबर फोनमध्ये आहेत त्यांनाच तो दिसेल असं लावून दिलं होतं.

मी माझा फोन काढून ती एकशे ब्याऐंशी जणांची यादी उघडली. वर बारीक अक्षरांत एक ओळ होती. ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये ठेवलेला आहे, त्यांनाच तुमचा मेसेज मिळेल. तीन वर्षं ती ओळ तिथंच होती. लोकांना एकेका अक्षरासाठी झापणारा मी, ती एकदाही वाचली नव्हती.

आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या क्षणी मला सुटल्यासारखं झालं. मी घाईघाईनं भाचीपुढं फोन धरला. म्हटलं, हे बघ, मी पाठवलं होतं. एकदा नाही, तीनदा. हे बघ, वर्ष बघ. तिच्यापर्यंत गेलंच नाही, त्याला मी काय करू? नुसता नंबर नव्हता म्हणून एवढं सगळं झालं.

भाचीनं फोन हातात घेतला, तिन्ही मेसेज शांतपणे वाचले. मग म्हणाली की हे तिला माहीत आहेत. तिच्या स्वतःच्या फोनवर दर वर्षी येतच होते. पहिल्या वर्षी आला तेव्हा तिला आनंद झाला होता. आई सकाळपासून फोन मांडीवर घेऊन बसली होती, म्हणून धावत जाऊन तिनं तो आईला दाखवला. बघ, मामाचा आलाय. आक्कानं चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि फोन परत दिला.

"ह्यो समद्यांचा हाय," म्हणाली. "मला येगळा धाडंल त्यो."

संध्याकाळपर्यंत तशीच बसली होती, भाची म्हणाली. पुढच्या वर्षीही बसली. यंदाही. मामा, मीच एक दिवस तुम्हाला फोन करणार होते, तर आई मला म्हणाली, सांगू नकोस, त्याचं त्याला सुचू दे.

भाची माझा फोन हातात धरून उभी होती, तिला वाटत असावं मी अजून काहीतरी बोलेन, ट्रॉलीचं, सूर्याचं, त्या ओळीचं.

"व्हय गं," मी म्हटलं, "समद्यांचाच हुता."